फोटो उतरवून घेताना

"ती वायर कुठे ठेवलीय?"

२००२ ते २०१० या काळात आमच्या घरात हा प्रश्न जितक्या वेळा विचारला गेला, तितका "माझा चष्मा कुठाय?" हासुद्धा विचारला गेला नसेल. वायर म्हणजे डिजिटल कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची वायर. ती कधी टीव्हीच्या मागे सापडायची, कधी आईच्या शिवणाच्या डब्यात, आणि एकदा तर बाबांनी तिने रद्दीचा गठ्ठा बांधून ठेवला होता! ती सापडेपर्यंत लग्न, मुंज, बारसं जे काही असेल त्याचे फोटो कॅमेऱ्यात अडकलेले.

नंतर मोबाईल आले आणि हा प्रश्न घरातून गेला. तो पुन्हा आला २०२३ च्या जानेवारीत. त्या फेब्रुवारीत आजी शंभर वर्षांची झाली असती. ती २००८ साली गेली. आत्याच्या मनात आलं, की आजीच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका करावी आणि घरातल्या सगळ्यांना द्यावी. तिचा मला फोन आला.

"आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो तुझ्याकडेच असतील ना रे? तूच हिंडत होतास कॅमेरा घेऊन."

हिंडत होतो खरा. पण फोटो कुठे होते?

घरच्या मंडळींनी यापुढची गोष्ट आत्याकडून ऐकली आहे. तिच्या गोष्टीत माझ्या वेंधळेपणाला जरा जास्तच जागा असते, म्हणून एकदा माझ्या बाजूने लिहून ठेवतो. शिवाय या निमित्ताने कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या त्या वायरीचा इतिहास मी वाचत बसलो आणि त्यात मला फार मजा आली. तीही सांगायची आहे.

साताऱ्याच्या घरी माळ्यावर कॅमेऱ्याची बॅग सापडली. सेल काढून ठेवलेले होते, हे नशीब. बॅगेच्या आतल्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या डबीत एक कार्ड होतं, पापडासारखं पातळ, १६ एमबीचं. या जातीची कार्डं केव्हाच बंद झाली. ती वाचणारं यंत्र गावात कुणाकडे नव्हतं. म्हणजे कार्ड कॅमेऱ्यात घालायचं आणि कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायचा, एवढा एकच रस्ता उरला होता. आणि वायर? ती अर्थातच नव्हती. कॅमेऱ्याच्या कुशीतलं भोकसुद्धा आजच्या कुठल्याही वायरीला दाद देईना.

शेवटी आमच्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो. लहानपणी रोल धुवायला त्यांच्याकडेच टाकायचो. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, रबराचं झाकण उघडून आत पाहिलं.

"रोल धुवायचं मशीन भंगारात घातलं," ते म्हणाले, "पण वायरी नाही टाकल्या. अजून येतात लोक."

त्यांनी खालून श्रीखंडाचा रिकामा डबा काढला. त्यात वायरींचा गुंता. तिसरी वायर कॅमेऱ्याला बसली. पैसे विचारले तर म्हणाले, "आधी उघडतंय का बघा, मग बोलू."

घरी येऊन कॅमेऱ्यात नवे सेल घातले, लॅपटॉपच्या नव्या आकाराच्या खाचेत बसावी म्हणून वायरीला आणखी एक जोड लावला, आणि बटण दाबलं. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग पडद्यावर एक नवीन ड्राइव्ह दिसला आणि त्यात एकच फोल्डर... 'डीसीआयएम'.

आत काय होतं ते थोड्या वेळाने सांगतो. मला आधी आश्चर्य वाटलं ते या गोष्टीचं, की बावीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याचं बोलणं आजच्या लॅपटॉपला एका क्षणात कळलंच कसं? २००३ साली, कॅमेरा जेमतेम दोन वर्षांचा असताना, हेच काम करायला मला अर्धा तास आणि एक सीडी लागली होती.

आधी वायर, मग फोटो

फिल्मच्या कॅमेऱ्यात हा प्रश्न नव्हता. उजेड फिल्मवर पडायचा, चित्र तिथेच उमटायचं आणि तीच फिल्म आपण धुवायला द्यायचो. डिजिटल कॅमेऱ्यात चित्र म्हणजे नुसते आकडे. ते आकडे कुठेतरी ठेवायला लागतात आणि दिसावेत म्हणून दुसऱ्या यंत्राकडे पोचवायला लागतात.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरला फोटो मिळाला तो डिजिटल कॅमेऱ्याच्याही आधी. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श या संशोधकाने आपल्या तान्ह्या मुलाचा साधा छापील फोटो एका फिरत्या रुळावर लावून टिपकाटिपका करत कॉम्प्युटरमध्ये घातला. १७६ टिपके आडवे, १७६ उभे. आजच्या मोबाईलमध्ये एखाद्या चिन्हाला याहून जास्त टिपके असतात.

हातात धरता येईल असा पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ साली बनवला. हातात धरता येईल म्हणजे साधारण साडेतीन किलोचा! भिंग चित्रपट काढायच्या छोट्या कॅमेऱ्याचं, सोळा बॅटऱ्या, आणि फोटो साठवायला चक्क गाण्यांची असते तशी कॅसेट. चित्र १०० बाय १०० टिपक्यांचं, म्हणजे एकूण दहा हजार टिपके. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. कॅमेऱ्याला पडदा नव्हता. ती कॅसेट काढून दुसऱ्या एका यंत्रात घालायची, त्या यंत्रातला कॉम्प्युटर आकडे वाचणार आणि मग टीव्हीवर चित्र दिसणार.

त्या डिसेंबरात त्यांनी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका मुलीचा फोटो काढला. टीव्हीवर तिचे केस दिसले, पण चेहऱ्याच्या जागी सगळा चुरा! बरीच डोकेफोड केल्यावर लक्षात आलं, की काही वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत. त्या नीट लावल्या आणि चेहरा आला. म्हणजे डिजिटल फोटोच्या इतिहासातली पहिली अडचण कॅमेऱ्याची नव्हतीच, वायरीची होती. हे वाचून मला सॅसनबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

१९७८ साली कोडॅकला त्याचं पेटंट मिळालं. पण कंपनीचा सगळा व्यवसाय फिल्म, कागद आणि रसायनांचा. तिने हा कॅमेरा बाजारात आणला नाही. पुढे जानेवारी २०१२ मध्ये हीच कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

चोवीस मिनिटांची वायर

साध्या माणसाने दुकानातून आणून कॉम्प्युटरला जोडावा असा कॅमेरा यायला १९९० उजाडलं. डायकॅम मॉडेल १ हे त्याचं नाव, लॉजिटेकने तोच फोटोमॅन म्हणून विकला. फक्त काळेपांढरे फोटो, तेही ३२. ते ज्या मेमरीत राहत ती विजेवर जगणारी. म्हणजे बॅटरी उतरली की फोटोही गेले. फोटो कॉम्प्युटरमध्ये काढून घेणं ही तिथे हौस नव्हती, घाईचं काम होतं.

१९९१ साली कोडॅकने वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांसाठी कॅमेरा आणला. निकॉनच्या कॅमेऱ्याला त्यांनी आपली डिजिटल पाठ लावली आणि तिच्यातून एक वायर काढून खांद्याला अडकवायच्या पेटीला जोडली. पेटीत २०० एमबीची हार्ड डिस्क. फोटोग्राफर एकटाच, पण अवतार असा की बोअरवेलवाला वाटावा!

१९९४ साली ॲपलचा क्विकटेक १०० आला. कोडॅकनेच बनवलेला. चांगल्या प्रतीचे फक्त आठ फोटो मावायचे. मागे पडदा नसल्यामुळे काय काढलंय ते कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय दिसायचं नाही. पुढच्याच वर्षी कॅसिओने क्यूव्ही-१० आणला आणि त्याला मागे छोटासा पडदा दिला. काढलेला फोटो तिथल्या तिथे बघायचा आणि आवडला नाही तर पुसायचा, ही सवय जगाला या कॅमेऱ्याने लावली.

यातले बहुतेक कॅमेरे कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टला जोडायचे. कॉम्प्युटरच्या मागे नऊ पिनांचं ते चपटं तोंड असायचं, ज्याचे दोन स्क्रू पिळायला बोटं जायची नाहीत, ते. त्याचे नियम १९६० च्या दशकातले, टेलिप्रिंटर आणि मोडेम यांच्यासाठी केलेले. नेहमीचा कमाल वेग सेकंदाला १,१५,२०० बिट्स. ऐकायला खूप वाटतं, पण हिशेब करून बघा. एका अक्षराला मागचापुढचा धरून दहा बिट्स लागतात, म्हणजे सेकंदाला साडेअकरा केबी. आजीच्या फोटोंचं ते १६ एमबीचं कार्ड भरलेलं असतं, तर या वायरीने ते रिकामं करायला चोवीस मिनिटं लागली असती. तीही सगळं सुरळीत चाललं तर. मध्येच सेल संपले की पुन्हा पहिल्यापासून.

शिवाय प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. कॅमेऱ्याबरोबर सीडी किंवा फ्लॉपी यायची, त्यातला प्रोग्राम टाकला तरच कॅमेरा तोंड उघडणार. लिनक्सवाल्यांना तर तेवढंही मिळायचं नाही. मग त्यांच्यातल्या काही जिद्दी लोकांनी वायरीतून काय जातं-येतं ते टिपून एकेका कॅमेऱ्याची भाषा उलगडली. त्यातून 'जीफोटो' हा फुकट प्रोग्राम उभा राहिला. आज तो दोन हजारांहून जास्त कॅमेऱ्यांशी बोलतो. त्यातल्या कितीतरी कॅमेऱ्यांना त्यांच्या कंपन्या केव्हाच विसरल्या.

या वायरीच्या जंजाळातून निघालेली एक गोष्ट मला फार आवडते. ११ जून १९९७ ला कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझमध्ये फिलिप कान नावाचा उद्योजक बायकोच्या बाळंतपणासाठी दवाखान्यात होता. बाहेर बसून करायचं काय? त्याने जवळचा डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाईल फोन वायरींनी एकमेकांना जोडले आणि फोटो काढला की आपोआप पुढे जाईल असा प्रोग्राम लिहिला. मुलगी झाली. तिचा फोटो दोनेक हजार ओळखीच्या लोकांकडे तिथूनच गेला. आपल्याकडे बारशाला जायच्या आधी बाळाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, त्या प्रथेचं मूळ पुरुष हे! आज खिशातल्या एका फोनमध्ये जे असतं, ते त्याने त्या दिवशी तीन यंत्रं वायरींनी बांधून केलं होतं.

वायर नको म्हणून

वायरीला कंटाळून लोकांनी दुसरे रस्ते शोधले. १९९७ मध्येच सोनीने माविका जातीचा डिजिटल कॅमेरा आणला, त्यात सरळ साडेतीन इंची फ्लॉपी जायची. फोटो काढा, फ्लॉपी काढा, कॉम्प्युटरमध्ये घाला. हा कॅमेरा अमेरिकेत धडाक्यात खपला. फोटो काही फार चांगले नव्हते आणि कॅमेरा विटेएवढा, पण फ्लॉपी कशी वापरायची हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. २००० साली तर कंपनीने छोटी सीडी जाणारा कॅमेराही काढला.

दुसरा रस्ता कार्डांचा. १९९४ साली कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९५ साली स्मार्टमीडिया, १९९८ साली मेमरी स्टिक, १९९९ साली एसडी, २००२ साली एक्सडी... प्रत्येकाचा आकार वेगळा आणि एकाचं दुसऱ्यात जात नाही. वायरीचा प्रश्न सुटण्याऐवजी घरात डब्या वाढल्या.

तीन करार

मग माझा जुना कॅमेरा २०२३ च्या लॅपटॉपला कसा कळला? त्याला कारण आहेत तीन करार. एकमेकांच्या स्पर्धेतल्या कंपन्यांनी एका टेबलावर बसून केलेले.

पहिला फोटोच्या आतल्या मजकुराचा. १९९२ साली जेपेगचं मानक ठरलं. फोटोचे आकडे कसे दाबून बसवायचे, ते त्यात ठरलं.

दुसरा करार फोटो ठेवायच्या जागेचा. १९९८ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने डीसीएफ नावाचा नियम केला. कुठल्याही कॅमेऱ्याने आपले फोटो डीसीआयएम याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचे. डीसीआयएम म्हणजे 'डिजिटल कॅमेरा इमेजेस'. आतल्या फोल्डरच्या नावाची सुरुवात तीन आकड्यांनी, १०० ते ९९९. फोटोच्या नावात चार अक्षरं आणि चार आकडे. आजही तुमचा मोबाईल कॉम्प्युटरला जोडून बघा, आत बहुतेक हेच फोल्डर दिसेल. मी इतकी वर्षं त्यावर टिचकी मारत आलो आणि हे नाव कुणी ठेवलं असा विचार एकदाही केला नव्हता.

तिसरा करार वायरीचा, यूएसबीचा. १९९४ पासून सात कंपन्या त्यावर काम करत होत्या आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. त्यात इंटेलकडून ज्यांचं नाव घेतलं जातं ते अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठातला मुलगा म्हटल्यावर आपल्यालाही थोडं मिरवायला हरकत नाही! घरच्यांना साधा प्रिंटर जोडतानाही त्रास होतो हे बघून, भिंतीत प्लग घालावा इतकं हे सोपं का असू नये, असं त्यांना वाटलं. १९९८ ची आवृत्ती सेकंदाला १२ मेगाबिट्सने चालायची आणि २००० साली आलेली ४८०. चोवीस मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटाच्या आत आलं.

यूएसबीचं तोंड पहिल्यांदा नेहमी उलटंच बसतं, ही तक्रार भट्टांच्याही कानावर गेली आहे. दोन्ही बाजूंनी बसेल असं करायला वायरी आणि सर्किट दुप्पट लागले असते, खर्च वाढला असता, म्हणून तसं केलं नाही, असं त्यांनी सांगितलं आहे. मला हे पटलं. महाग असती तर ती वायर सगळ्यांकडे गेलीच नसती.

यूएसबीतच पुढे अशी सोय झाली, की कॅमेऱ्याने आपण कॅमेरा आहोत हे सांगायचंच नाही, "मी एक डिस्क आहे" एवढंच म्हणायचं. २००० साली कॅमेऱ्यांसाठी पीटीपी हा वेगळा नियमही झाला आणि ऑक्टोबर २००१ च्या विंडोज एक्सपीपासून सीडी शोधायची गरज बहुतेक संपली. माझा कॅमेरा डिस्क म्हणवून घेणाऱ्यातला. जगात डिस्क वाचणारे कॉम्प्युटर आहेत तोवर, वायर मिळाली की तो बोलणार.

सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस

आता माझा वेंधळेपणा.

डिसेंबर २००३. आजीने हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणून सातारच्या घरी कार्यक्रम. कॅमेरा मामेभावाने अमेरिकेतून आणून दिलेला, २ मेगापिक्सेल. कार्डात चांगल्या प्रतीचे बावीस फोटो बसायचे. सकाळी होम झाला, मग आजीला पाटावर बसवून ८१ दिव्यांनी ओवाळलं. आजी हिरव्या नऊवारीत, दिव्यांच्या उजेडात तिच्या नाकातली नथ चमकतेय, आणि आत्या वाकून तिच्या कपाळाला कुंकू लावतेय. तिथे कार्ड भरलं.

पंगती बसेपर्यंत वेळ होता. मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरकडे धावलो. विंडोज ९८. वायर जोडली, कॅमेऱ्याबरोबर आलेला प्रोग्राम उघडला. त्याने एक प्रश्न विचारला, की फोटो कॉम्प्युटरमध्ये घेतल्यावर कॅमेऱ्यातून काढून टाकायचे का? मी 'हो' केलं. कार्ड रिकामं हवंच होतं. बाहेरून काकू ओलांडताहेत, "अरे, पानं वाढलीयत!" मी बावीस फोटो बघितले, कॅमेरा उचलला आणि गेलो.

दुपारनंतर एकोणीस फोटो काढले. संध्याकाळी कॅमेरा टीव्हीला जोडून सगळ्यांनी ते बघितले. आजीलाही दाखवले. ती म्हणाली, "हो का, आत्ता उतरवला आणि आत्ता दिसला?" ती 'फोटो काढला' कधीच म्हणत नसे, 'फोटो उतरवला' म्हणायची. त्याच दिवशी मामेभावाने मला ६४ एमबीचं नवं कार्ड दिलं. जुनं कार्ड मी डबीत ठेवलं. एकोणीस फोटो नंतर उतरवून घेऊ म्हटलं. कधीच घेतले नाहीत.

२००५ च्या पावसाळ्यात कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली.

तर डीसीआयएममध्ये काय सापडलं ते तुम्ही ओळखलं असेल. मी विसरलेले एकोणीस फोटो तिथे जसेच्या तसे होते. पंगत, अंगणात बसलेले सगळे काका, आजी पणतवाला खेळवतेय तो. आणि जे बावीस मी मोठ्या काळजीने, जेवण सोडून, 'सुरक्षित' ठेवले होते ते गेले.

बरेच दिवस मी स्वतःला समजावत होतो, की नशीब. पण नशीब नव्हे. मी त्या दिवशी फोटो उतरवून घेतले नव्हतेच, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवले होते. आधी एकच प्रत होती, नंतरही एकच.

आजीच्या तोंडी 'उतरवून घेणे' हा शब्द आणखी एका गोष्टीसाठी यायचा. तिच्या आजोबांनी पैठणच्या एका पोथीवरून पोथी उतरवून घेतली होती, असं ती सांगायची. तिथे मूळ पोथी मूळच्या घरी राहते आणि आपल्या घरी दुसरी येते. आपल्याकडचं जुनं वाङ्मय आपल्यापर्यंत आलं ते असंच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरी लिहून तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. एवढ्या काळात लोकांनी ती उतरवून घेतली म्हणून तर पाठ शुद्ध करायला हाती प्रती होत्या. चुका शिरल्या त्या उतरवण्यामुळे, आणि ग्रंथ टिकला तोही उतरवण्यामुळेच.

वायर गेली

आता वायर जवळजवळ गेलीच आहे. २००७ साली आय-फाय नावाचं कार्ड आलं होतं, ते कॅमेऱ्यातूनच वायफायने फोटो पाठवायचं. २०१६ च्या सप्टेंबरात कंपनीने जुन्या कार्डांची सेवा थांबवली. कॅमेऱ्यांचंही तेच. जपानच्या कॅमेरा उद्योगाच्या आकड्यांप्रमाणे २०१० मध्ये साधारण १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२३ मध्ये ७७ लाखांच्या आसपास. गंमत म्हणजे सगळ्यांना एकच वायर असावी हा कायदा आता झाला. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपात विकायच्या नव्या मोबाईलला आणि डिजिटल कॅमेऱ्यालाही चार्जिंगसाठी यूएसबी टाइप-सी हेच तोंड लागतं. आमच्या घरात हा कायदा वीस वर्षं आधी हवा होता!

फोटो आता आपोआप कुठेतरी जातात. कुठे, ते आपल्याला बघायला लागत नाही. मी ऑर्कुटवर टाकलेले फोटो तिथे आपोआपच राहतील असं मला वाटायचं. ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. मी काही वायरीच्या काळाचं गुणगान करत नाहीये, ते चोवीस मिनिटांचं प्रकरण पुन्हा नको. पण वायर लावायची म्हणजे बसायला लागायचं, फोटो बघायला लागायचे, कुणाला कुठला पाठवायचा ते ठरवायला लागायचं. त्या बसण्यातून थोड्या तरी प्रती निघायच्या.

तशी एक निघाली होती. पुस्तिकेचं काम संपत आलं तेव्हा न्यू जर्सीच्या ताईचा फोन आला. २००३ मध्ये, त्याच रात्री, मी तिला डायलअपवरून दोन फोटो पाठवले होते. जड होतील म्हणून ६४० बाय ४८० चे करून. मी ते साफ विसरलो होतो. तिने विसरले नव्हते. दर नव्या कॉम्प्युटरवर ती एक फोल्डर बरोबर नेत आली आहे.

"ओवाळतानाचा आहे माझ्याकडे," ती म्हणाली, "फार लहान आहे रे, चालेल का?"

पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर पोस्टकार्डापेक्षाही लहान छापलेला जो फोटो आहे, तो हा. मोठा केला तर नथ फुटते.

स्टुडिओवाल्या काकांना वायर परत करायला गेलो तेव्हा पुस्तिकेची एक प्रत नेली. त्यांनी फोटो बघितले, वायर गुंडाळून श्रीखंडाच्या डब्यात टाकली आणि पैसे घेतले नाहीत.

आता विनंती. उरलेले वीस फोटो त्या काळात मी आणखी कुणाला पाठवले असतील, कुणी माझ्याकडून सीडीवर घेतले असतील, तर कपाटं एकदा बघा. जुन्या सीड्या, जुने पेन ड्राइव्ह, जुने मेल. सापडला तर मला पाठवा. आणि पाठवताना मूळ तुमच्याकडेच राहू द्या.